वादळ थांबलं, ऊन पडलं. अफरवटचा धोका तेव्हाच सुरू होतो

30 जानेवारी 2023 चं चित्र बहुतेकांना आठवत असेल. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर स्टेडियममध्ये भारत जोडो यात्रेची सांगता सभा होती आणि वरून बर्फ कोसळत होता. राहुल गांधी फेरन घालून उभे होते, आणि बहीण-भावाने एकमेकांच्या अंगावर बर्फाचे गोळे फेकल्याचे व्हिडिओ दिवसभर आपल्या मोबाईलवर फिरत होते. राजकारण बाजूला ठेवलं तरी दृश्य गोड होतं.

त्याच दिवसांत गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावरही बर्फ साचत होता. मग आकाश मोकळं झालं. 1 फेब्रुवारीला अफरवटच्या हापतखुड भागात स्कीइंग करणाऱ्या परदेशी पाहुण्यांवर हिमस्खलन झालं. पोलंडचे दोन नागरिक गेले. 19 परदेशी आणि त्यांच्यासोबतचे दोन स्थानिक गाईड वाचवले गेले. मधे गेले होते फक्त दोन दिवस.

हे दोन दिवसच आजच्या लेखाचा विषय आहेत. वादळ चालू असतं तेव्हा माणूस घाबरून खोलीत बसतो, कांगडी जवळ ओढतो, गोंडोला बंद असतो, रस्ता बंद असतो. वादळ संपतं, कडक ऊन पडतं, डोंगर दुधासारखा पांढरा होतो आणि सगळे एकदम बाहेर पडतात. फोटो त्याच दिवशी चांगले येतात, स्कीवाल्यांना हवा असलेला भुसभुशीत ताजा बर्फही त्याच दिवशी मिळतो, आणि डोंगर सर्वात कच्चा असतो तोही त्याच दिवशी.

आपल्या महाराष्ट्राला डोंगर कोसळण्याचा अनुभव नवा नाही. 2014 मध्ये माळीण, 2021 मध्ये तळीये, 2023 मध्ये इर्शाळवाडी. पण आपल्या मनात त्यातून एक हिशेब पक्का बसलाय की धोका पावसात असतो आणि पाऊस थांबला की जीव भांड्यात पडतो. काश्मीरला जाताना हा हिशेब इथेच ठेवून जावा लागतो. पावसाचं पाणी बरंचसं वाहून जातं. बर्फ उतारावर बसून राहतो, आणि त्याच्या खाली काय आहे ते वरून दिसत नाही.

साखरेवर ठेवलेली लादी

खाली काय असतं, ते नीट समजून घेऊ, कारण बातम्यांमध्ये हा भाग कधीच येत नाही. बातमी "हिमस्खलनात इतके ठार" इथे संपते आणि वाचणाऱ्याला वाटतं, आभाळातून आफत आली.

डोंगरावरचा बर्फ हा एकसंध ढीग नसतो. प्रत्येक वादळाचा एक थर, एकावर एक. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थोडासा बर्फ पडला आणि नंतर आठवडेच्या आठवडे आकाश कोरडं राहिलं, की त्या पातळ थरात बदल होतो. खालची जमीन तुलनेने उबदार, वरची हवा गोठवणारी. थरातली वाफ खालून वर सरकत राहते आणि बर्फाचे बारीक कण मोठे, टोकदार, सुटे होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात, त्यांचा गोळा होत नाही. सावलीतल्या उतारांवर हे जास्त होतं आणि जास्त काळ टिकतं.

आता या साखरेवर वादळ येऊन दोन-तीन फूट नवा बर्फ टाकतं. वारा तो दाबतो, घट्ट करतो. म्हणजे साखर पसरून त्यावर एक जड लादी ठेवली, आणि ओटाच तिरका केला. लादी लगेच घसरेलच असं नाही. ती तोलून बसलेली असते. मग एक माणूस स्की घालून वरून जातो, त्याचं वजन नेमक्या पातळ जागी पडतं, खालचा कच्चा थर बसतो, आणि काही क्षणांत तडा शेकडो फूट धावतो. सगळी लादी एकदम सुटते, आणि तो माणूस तिच्या मधोमध असतो. म्हणूनच हिमस्खलनात सापडलेल्या स्कीवाल्यांच्या आणि गिर्यारोहकांच्या नोंदी पाहिल्या तर दहापैकी नऊ वेळा ते स्खलन त्यांनीच, किंवा त्यांच्यासोबतच्या कुणीतरी सुरू केलेलं असतं. आभाळातून आफत क्वचितच येते.

वाऱ्याचा वाटाही मोठा आहे. तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलतो आणि दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. नवीन हिमवर्षाव अजिबात नसतानाही तिथला थर काही तासांत दुप्पट होऊ शकतो. खाली हॉटेलात बसलेला माणूस म्हणतो, काल तर बर्फ पडलाच नाही. वर मात्र भर पडत असते.

आणि उताराचा कोन. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार हा या लाद्यांचा आवडता. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा सुटत नाही, त्याहून उभ्या कड्यावर तो फारसा साठतच नाही. दुर्दैव असं की स्की करायला मजा येते तीही याच कोनात.

2024 चा हिवाळा या सगळ्याचं पाठ्यपुस्तक म्हणावं असा होता. डिसेंबर गेला, चिल्लई कलां म्हणजे 21 डिसेंबरपासूनची चाळीस दिवसांची ती कडक थंडी निम्मी सरली, तरी गुलमर्ग उघडंबोडकं होतं. तपकिरी गवताचे फोटो देशभर फिरले. खोऱ्यात नमाज-ए-इस्तिस्का अदा केली गेली, लोकांनी अल्लाहकडे बर्फ मागितला. तो मागणं बरोबरच होतं. सफरचंदाच्या बागा, झरे, भाताची शेतं, झेलमचं पाणी, सगळं त्याच्यावर. जानेवारी संपता संपता तो आला, आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जोरात आला. 21 फेब्रुवारीला गुलमर्गमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या, सगळीकडे आनंद होता. 22 फेब्रुवारीला अफरवटच्या उतारावर, खिलनमर्गच्या वरच्या बाजूला हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीअर मरण पावला. सोबतच्यांना जिवंत काढण्यात यश आलं. एकीकडे रहमत, दुसरीकडे कोरड्या महिन्यांत तयार झालेल्या कच्च्या पायावर तिचं ओझं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

यात हवामान बदलाचा हात किती, हे एका वादळावरून कुणी छातीठोक सांगू नये. पण हिवाळ्याचा पहिला भाग कोरडा आणि नंतर एकदम भरपूर, असा क्रम आला की उतारांचं काय होतं, ते वर लिहिलंय.

"वादळानंतर 48 तास थांबा, मग जा," असं काही लोक सांगतात. नवा बर्फ स्थिर व्हायला पहिले एक-दोन दिवस लागतात, तेव्हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. खाली साखर असेल तर 48 तासांनीही ती साखरच राहते. असा थर कधी कधी आठवडेच्या आठवडे टिकतो. दहा जण सुखरूप उतरून गेलेल्या उतारावर अकरावा सापडतो तो यामुळे. "वर पायांचे ठसे आहेत, म्हणजे सुरक्षित आहे" हा तर्क डोंगरावर चालत नाही. डोंगर स्वतः जे सांगतो ते ऐकायचं: पायाखाली धप्प असा पोकळ आवाज, बर्फात धावणारी भेग, शेजारच्या उतारावर नुकतंच सुटलेलं ताजं स्खलन, दुपारी अचानक वाढलेली उष्णता. यातली एक खूण दिसली तरी मागे फिरायचं.

गाडलं गेल्यावर वेळ फार थोडा असतो. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, बोटसुद्धा हलत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं वाचतात, अर्ध्या तासानंतर फार कमी. खालून पोलीस, लष्कर, स्की पेट्रोल कितीही धावत आले तरी पंधरा मिनिटं त्यांच्या हातात नसतात. वाचवतो तो सोबतचा माणूस, तोही त्याच्याकडे ट्रान्सीव्हर, लांब प्रोब आणि फावडं असेल आणि ते वापरायचा सराव असेल तरच. गाडला गेलेल्याच्या अंगावरही चालू ट्रान्सीव्हर हवा. नुसता मोबाईल काही कामाचा नाही.

आणि सराव असला तरी हमी नाही. फेब्रुवारी 2010 मध्ये याच खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलची तुकडी हिमस्खलनात सापडली. बर्फात राहणं-लढणं शिकवणारी ती संस्था. किमान 17 जवान गेले.

निवड कुणाच्या हातात असते

इथपर्यंत आपण ज्यांच्याविषयी बोललो ते बहुतेक स्वतःच्या पायाने वर गेलेले होते. पोलंडहून, रशियाहून, शौक म्हणून. त्यांच्या मृत्यूची थट्टा नाही, जीव जीवच असतो. पण आमचा मुद्दा पुढे आहे. वादळानंतर थांबायचं की नाही, हे ठरवण्याचा हक्क सगळ्यांना सारखा मिळत नाही.

फेब्रुवारी 2005 मध्ये दक्षिण काश्मीरमधल्या वालटेंगू नाड या गावावर बर्फ कोसळला. तुफान हिमवृष्टी झाली होती आणि माणसं आपापल्या घरात होती. दीडशेहून जास्त गावकरी गेले, कित्येक घरांत तर रडायलाही कुणी उरलं नाही. गुलमर्गच्या स्कीअरची बातमी जगभर छापून येते. वालटेंगू नाडचं नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय?

12 जानेवारी 2023 ला सोनमर्गजवळ सरबल इथे झोजिला बोगद्याच्या कामावरचे दोन मजूर हिमस्खलनात मरण पावले. दोघे किश्तवाडचे. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडमध्ये माणा गावाजवळ सीमा सडक संघटनेच्या छावणीवर बर्फ आला. 54 मजूर गाडले गेले, 46 निघाले, 8 गेले. या शेवटच्या घटनेत एक गोष्ट झोंबते. चंदीगडच्या संरक्षण संस्थेने, म्हणजे डीजीआरईने, आदल्या संध्याकाळीच चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. इशारा निघाला, आणि मजूर त्याच कंटेनरमध्ये झोपले होते. कुणी म्हणेल, अल्लाहची मर्जी. मर्जी आहेच. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, हे आपल्या घराघरात लहानपणापासून सांगतात, आणि त्या मजुरांच्या बाबतीत दोर दुसऱ्याच कुणाच्या हातात होता.

जवानांचंही तेच. जानेवारी 2017 मध्ये गुरेझमध्ये बर्फाखाली गेलेल्यांत अकोला जिल्ह्यातले जवान होते, आणि 2016 मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवर गाडल्या गेलेल्या दहा जणांत साताऱ्याचा एक. "आज वर जात नाही" असं म्हणायची सोय त्यांना नव्हती.

"जिल्हा" म्हणजे नेमका कोणता उतार?

इशाऱ्यांची गोष्ट निघालीच आहे तर तीही नीट पाहू. बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी आपली संस्था जुनी आहे. 1969 मध्ये मनालीला सुरू झालेली सासे, आणि 2020 पासून तिचं डीजीआरई असं नवं रूप. तिच्या अंदाजावर जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण इशारा काढतं. तो असा असतो: पुढच्या 24 तासांत अमुक जिल्ह्यात, तमुक मीटर उंचीच्या वर, मध्यम किंवा उच्च धोका. वर्तमानपत्रं तेवढंच छापतात.

आता बारामुल्ला जिल्हा घ्या. त्यात सोपोरच्या सफरचंदाच्या बागाही येतात आणि अफरवटची जवळजवळ चार हजार मीटरवरची धारही. 2,500 मीटरच्या वर म्हटलं की अख्खं गुलमर्ग आलं, मुलं ढकलगाडीवर बसतात ते सपाट मैदानसुद्धा. मग हॉटेलवाला म्हणतो, हा इशारा तर रोजच येतो. आणि खरंच, रोज येणारा, कुठला उतार ते न सांगणारा इशारा कुणी ऐकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यात दिवसातून दोन वेळा, चार भाषांमध्ये बुलेटिन निघतं. धोका पाच पायऱ्यांवर मोजतात आणि कुठल्या दिशेच्या, किती उंचीच्या उतारांवर, कोणत्या कारणाने, हे लिहितात: नवा बर्फ, वाऱ्याने साठवलेला बर्फ, की जुना कच्चा थर. तिथेही माणसं मरतात. पण तिथल्या गाईडच्या हातात गिऱ्हाईकाला दाखवायला कागद असतो.

हा कागद महत्त्वाचा आहे. गुलमर्गचा गाईड, घोडेवाला, ढकलगाडी ओढणारा, हे बहुतेक टनमर्ग, बाबा रेशी अशा आजूबाजूच्या गावांतले. कमाई दिवसावर, मोसम जेमतेम तीन महिन्यांचा. वादळात चार दिवस फुकट गेलेले असतात. पाचव्या दिवशी ऊन पडतं आणि परतीचं विमान उद्या असलेलं गिऱ्हाईक समोर उभं राहतं. "आज नको, साहेब" म्हणावं तर दुसरा कुणीतरी नेईल. त्यात 2025-26 चा हिवाळा हा पहलगामनंतरचा पहिला. एप्रिल 2025 च्या त्या हल्ल्यात 26 जण मारले गेले. महाराष्ट्राने आपली माणसं गमावली, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला घोडेवाला सय्यद आदिल हुसैन शाहही गेला. त्यानंतर कित्येक पर्यटनस्थळं बंद झाली, बुकिंग रद्द झाली, एक अख्खा मोसम बुडाला. अशा वर्षी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं किती जड जात असेल, ते सांगायला नको. डोंगर ओळखणारा माणूसच नाही म्हणू शकत नसेल, तर त्याच्या ज्ञानाचा पाहुण्याला काय फायदा?

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं स्की करत नाहीत. गोंडोलाने पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला जातात, जमलं तर दुसऱ्या टप्प्याने अफरवटच्या खांद्यावर, फोटो काढतात, उतरतात. आखलेल्या हद्दीत राहिलं तर त्यांचा धोका फार कमी आहे, उगाच घाबरून बेत मोडायचं कारण नाही. गडबड होते ती हद्दीच्या दोरीपाशी. पलीकडे बर्फ कोरा असतो, गर्दी नसते, आणि कॉलेजातला भाचा म्हणतो, मामू, दोनच मिनिटं. वरच्या स्टेशनपासून काही पावलांवर पेट्रोलची हद्द संपते आणि तोच 30 अंशांच्या पुढचा उतार सुरू होतो. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे किंवा बर्फामुळे बंद असला की तिकीट खिडकीवर जो आरडाओरडा होतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना आम्ही काय म्हणतोय ते कळेल.

सोनमर्गचा मामला वेगळा आणि नवा आहे. पूर्वी हिवाळ्यात तो रस्ताच बंद असायचा, कारण वाटेवर हिमस्खलनं होतात. 13 जानेवारी 2025 ला साडेसहा किलोमीटरचा झेड-मोड बोगदा सुरू झाला. चांगली गोष्ट झाली, तिथल्या लोकांना हिवाळ्यात रोजी मिळायला लागली. पण बोगद्याने रस्ता वाचवला, सोनमर्गचं खोरं दोन्ही बाजूंच्या उभ्या डोंगरांत आहे तसंच आहे. वादळानंतर तिथे जायचं की नाही हे टूरवाल्याच्या वेळापत्रकावर सोडू नये. गांदरबल जिल्ह्याचा त्या दिवसाचा इशारा काय आहे, हे विचारूनच गाडी काढावी, आणि "पुढे पॉइंटपर्यंत जाऊ" म्हणत नाल्याच्या तोंडाशी थांबू नये. बर्फ खाली येतो तो नाल्यांमधूनच.

ज्यांना खरोखर वर जायचंय, आणि आपल्या पोरांमध्ये आता ट्रेकिंग, स्कीइंगची हौस वाढतेय, त्यांच्यासाठी एकच व्यवहाराची गोष्ट. गाईड ठरवताना आधीच सांगून टाका: वादळानंतर तुम्ही जाऊ नका म्हणालात तरी त्या दिवसाचे पैसे मिळतील. सहलीच्या खर्चात एक कोरा दिवस धरा. विमानाचं तिकीट वादळाच्या दुसऱ्या दिवसाचं नसावं. पंधरा-वीस हजारांचा बूट-जॅकेट घेणारा मुलगा ट्रान्सीव्हरचं भाडं द्यायला कुरकुरतो, त्याला घरातल्या मोठ्यांनी दोन शब्द सुनवावेत.

2026 सारख्या वर्षी रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. त्यामुळे आपली बरीच कुटुंबं त्याआधीच, जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाऊन येतील. गुलमर्गचे गाईड मात्र तेव्हा डोंगरावरच असतील, रोजा ठेवून. वालटेंगू नाड फेब्रुवारीच्या मध्यानंतर घडलं, 2024 चं अफरवट 22 फेब्रुवारीला, माणा 28 फेब्रुवारीला. त्या दिवसांत सहरीनंतर आकाश स्वच्छ दिसलं की त्यांना फोन येईल, साहेब तयार आहेत, कधी निघायचं?